अंतरा येईपर्यंत थांबा

गवयांवर माहितीपट करायला ग्वाल्हेरला येणारे दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक आणि त्यांना पैसे देणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेटी वाजवतो. तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलंय, म्हणजे माझं उजवं कोपर पाहिलंय. आजवर चार माहितीपटांत ते आलं. मधोमध गवई, पलीकडे थोडासा तबला, आणि अलीकडच्या कडेला पांढऱ्या झब्ब्यातलं एक कोपर हलत असतं, ते माझं. नातवंडं टीव्हीपुढे ओरडतात, "आलं, आलं, आजोबांचं कोपर आलं!" त्याबद्दल माझी तक्रार नाही. साथीदारानं कडेलाच बसायचं असतं आणि चाळीस वर्षं मी तिथे सुखानं बसलोय. हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. त्या चार माहितीपटांत मिळून अकरा बंदिशी सुरू होतात. मी मोजल्यात. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, एकीचाही येत नाही.

ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या ग्वाल्हेरच्या गाण्यात पहिली शिस्त अशी की बंदिश आधी पुरी मांडायची. अस्थायी, म्हणजे पहिला भाग, म्हणायची, अंतरा म्हणायचा, मग बहलावे, बोलआलाप, ताना, काय करायचं ते करा. इतर घराण्यांत कुणी अंतरा उशिरा घेतात, कुणी नुसता शिवून सोडतात, कुणी घेतच नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी. आमच्याकडे अंतरा टाळणं म्हणजे पाहुण्याला ओट्यावर बसवून चहा देऊन वाटेला लावणं. तुम्ही अस्थायीच्या दुसऱ्या ओळीवर कात्री चालवता आणि पडद्यावर किल्ला येतो. वरून. ड्रोनमधून.

किल्ला देखणा आहे, वाद नाही. मानमंदिराच्या निळ्या फरशांवरची पिवळी बदकं बघायला मी अजून वर्षातून एकदा चढून जातो. पण माणूस बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ घातलेला असताना मला बदकं नको असतात हो!

२०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं, २०२४ च्या डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष झालं, आणि तेव्हापासून कॅमेरे जास्तच यायला लागलेत. येऊ देत. एके काळी आमच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, त्यापेक्षा हे बरं. फक्त प्रत्येक जण येतो तो तीनच गोष्टी विचारतो. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ती एक. आमच्या घराण्याच्या हस्सू खाँ, हद्दू खाँ या भावांनी पडद्याआड लपून बडे मोहम्मद खाँ या गवयाचं गाणं उचललं, ती दुसरी. आणि कडक बिजली तान घेता घेता हस्सू खाँची बरगडी तुटली, ती तिसरी. आमच्या गुरुजींना तर ऐंशीव्या वर्षी हजिऱ्याला, तानसेनाच्या कबरीपाशी, नेऊन कॅमेऱ्यासमोर चिंचेचा पाला चघळायला लावला. गुरुजींना कवळी होती. त्यांनी कवळी सांभाळत, हसत हसत दोन पानं चावली, कारण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "अगं, जरा गुळण्या करायला पाणी दे."

इथे माझंही पाप सांगून टाकतो. एकदा एका चमूनं मलाही समोर बसवलं आणि म्हणाले, "अंकल, कुछ आप भी बताइए." चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला तोंड उघडायला सांगत होतं. मी काय सांगितलं असेल? कडक बिजली. वरून थोडं तिखटमीठही लावलं, गवयाच्या तोंडातून रक्त वगैरे. माहितीपटात माझं तेवढंच बोलणं राहिलं, तेही आवाजापुरतं. चित्र किल्ल्याचं. आकाशात वीज कडाडताना दाखवली होती, कुठून आणली देव जाणे.

त्या पडद्याच्या गोष्टीकडे मात्र एकदा नीट बघा. खरी-खोटी सोडा, दंतकथाच ती. पण गोष्टीत त्या दोन पोरांनी पडद्याआड केलं काय? एका माणसाचा रियाज महिनोन्‌महिने ऐकला. तोच राग, तीच तान, आज थोडी वेगळी, उद्या परत तशीच. आमच्या घराण्याची सुरुवात सांगणारी कथा अशी पुन्हा पुन्हा ऐकण्याची कथा आहे. तुम्ही दाखवता तो पडदा. मलमलीचा, वाऱ्यानं हलणारा, मंद गतीत.

आता गुरुजींच्या घरी झालेल्या चित्रीकरणाबद्दल. नाव कुणाचंच घेत नाही, गुरुजींचंही नाही. त्यांना ते आवडलं नसतं. चमू बाहेरून आला होता, माणसं सभ्य होती, जेवताना आमटीचं कौतुक करणारी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, गल्ली इतकी अरुंद की दिव्यांचे स्टँड आडवे करून आणावे लागले. चार दिवस होते ते. मे महिना, आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. ग्वाल्हेरचा मे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. तानपुरा दर वीस मिनिटांनी उतरायचा. गुरुजी मणी सरकवत, जवारीचा दोरा चिमटीत धरून इकडून तिकडे करत, कान भोपळ्याशी नेऊन ऐकत. तोवर चमू मोबाइल बघायचा. मी एकदा सुचवलं, "हे घ्या ना." ते म्हणाले, "अंकल, यह तो ट्यूनिंग है, शुरू हो जाए फिर लेंगे." ज्याला तुम्ही सुरू होणं म्हणता ते तिथेच झालेलं असतं, हे मी तेव्हा बोललो नाही. साथीदाराची सवय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी एका पोरीला तालीम द्यायला बसले. तेव्हा ती अकरावीत होती. राग हमीर, ताल तिलवाडा. हमीरात गंधार-मध्यमावरून धैवतावर जायचं, पण सरळ नाही. निषादाला अलगद हात लावून धैवतावर उतरायचं. पोरगी थेट धैवतावर जात होती. गुरुजींनी थांबवलं, म्हणून दाखवलं. पुन्हा थेट. पुन्हा थांबवलं. मी पेटीवर नुसता षड्‌ज धरून होतो, कारण अशा वेळी पेटीनं जागा दाखवली की कानाला आळस येतो, हे गुरुजींनीच मला दहा वेळा बजावलेलं. सात-आठ वेळा झालं आणि एकदम लागलं. नेमकं. तबलजीनं मान हलवली. पोरीचा चेहरा असा फुलला, की कॅमेरामन असतो तर मी त्या चेहऱ्यावरून हललोच नसतो.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तिला जमल्यावर गुरुजींनी तीच जागा पुन्हा म्हटली, आणि ती वेगळी होती. धैवतावर थांबलेच नाहीत, त्याला टेकून झटकन पंचमावर आले आणि मुखडा उचलला. पोरगी गोंधळली. म्हणाली, "गुरुजी, अभी तो आपने अलग बोला." गुरुजी म्हणाले, "मघाशी सम लांब होती. आता दारात आली. दारात आलेल्याला आपण पाणी देतो, जेवायला वाढतो का?" आणि मग तीच जागा त्यांनी समेपासून सहा मात्रा लांब असताना कशी, तीन मात्रा लांब असताना कशी, अगदी अंगावर आल्यावर कशी, असं चार-पाच तऱ्हांनी म्हणून दाखवलं. प्रत्येक वेळी समेवर पाय बरोब्बर. शेवटची तऱ्हा त्यांनीही आधी कधी घेतलेली नसावी, कारण घेतल्यावर स्वतःच हसले आणि माझ्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्याच गळ्यातून निघालेलं काहीतरी नवीन सापडलं होतं. तुम्ही माहितीपटांच्या नावांत सर्जनप्रवास, सूरयात्रा असे शब्द घालता. तो प्रवास माझ्या डोळ्यांदेखत तीन हातांवर चालू होता, आणि कॅमेराही चालू होता.

चाळीसेक मिनिटं झाल्यावर दिग्दर्शक फार नम्रपणे म्हणाले, "सर, बहुत सुंदर. बस, थोड़ा रिपीट हो रहा है."

गुरुजी थांबले. अंतरा राहिला होता. पोरीला म्हणाले, "बाकीचा उद्या." मग दिवे वळवून त्यांची मुलाखत सुरू झाली. पहिला प्रश्न: तुमच्या घराण्याचं वैशिष्ट्य थोडक्यात सांगा.

एक गोष्ट नोंदवतो. कॅमेऱ्याशी एक मदतनीस पोरगा उभा होता, वीस-बावीसचा. गुरुजी समेवर येत तेव्हा त्याची बोटं मांडीवर पडायची. दोनदा मी त्याला डोळे मिटलेले पाहिलं. "रिपीट" शब्द आला तेव्हा त्यानं मान खाली घातली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. एव्हाना तो स्वतः दिग्दर्शक झाला असेल तर हे पत्र आधी त्याला.

माहितीपट तयार झाला, सव्वीस मिनिटांचा. तालमीचा भाग त्यात सहा सेकंद आहे, आणि त्यावर निवेदकाचा भारदस्त आवाज सांगतो की गुरु-शिष्य परंपरा आजही जिवंत आहे. पोरीचे ओठ हलताना दिसतात. हमीर ऐकूच येत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ऐकू येतो एकताल आणि तबल्यावरचे हात चाललेत तीनतालात. सामान्य प्रेक्षकाला कळत नाही म्हणाल, पण आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही कळलं, त्याचा मुलगा तबला शिकतो. आणि तानपुरा? तानपुरा गायबच! मी आधी समजलो आमचा टीव्ही बिघडला. मग एका जाणकारानं सांगितलं की आवाज साफ करायचं जे सॉफ्टवेअर असतं ते सतत एकसारखा चालणारा आवाज पंख्याची किंवा फ्रिजची घरघर समजून पुसायला बघतं. तानपुऱ्याचं काम काय, तर सतत एकसारखं चालणं. म्हणजे पंखा बंद करून घामाच्या धारांत आम्ही जे तानपुरे मिळवले, ते पंखा म्हणूनच पुसले गेले! गुरुजींना हे सांगितल्यावर ते इतके हसले की ठसका लागला.

गेल्या पौषात गुरुजी गेले.

तेराव्यानंतर मी आणि त्यांच्या मुलानं त्या लोकांना गाठून विचारलं, की ती चाळीस मिनिटं द्याल का. विकत द्या, आम्ही वर्गणी काढतो. उत्तर लगेच आलं, अत्यंत सभ्य भाषेत. काम पूर्ण झाल्यावर हार्ड डिस्क रिकामी करून पुढच्या कामाला वापरली जाते, तशी ती वापरली. पुढचं काम कशाचं होतं हेही कळलं. एका गृहप्रकल्पाची जाहिरात.

आता सांगा, मी कुणावर चिडू? त्यांनी काही चोरलं नाही. कराराप्रमाणे सव्वीस मिनिटं द्यायची होती, ती दिली. डिस्क महाग, भाडं महाग, तुम्हीही पोट भरायलाच फिरता. पैसे देणारा म्हणतो लोक कंटाळतील, मग तुम्ही किल्ला घालता. हे मला समजतं. पण वेळ कमी होता ही सबब मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते ऐका.

७८ गतीची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं चालायची. १९०२ मध्ये गौहर जाननं कोलकात्यात त्या भोंग्यापुढे गाणं म्हटलं आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, तेव्हापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं आमचे मोठमोठे गवई त्या साडेतीन मिनिटांत कोंबले गेले. आमच्या वझेबुवांनीही तबकड्या दिल्या. रामकृष्णबुवा वझे कोकणातून लहान वयात पायपीट करत ग्वाल्हेरला आले, निसार हुसेन खाँकडे शिकले. ज्या माणसानं एकेक चीज मिळवायला वर्षं घालवली त्याला साडेतीन मिनिटं मिळाली. आणि त्या जुन्या तबकड्या लावून बघा, बहुतेकींत काय सापडतं? अस्थायी. अंतरा. दोन आलाप. ताना. पुन्हा मुखडा. घर लहान होतं, पण माजघर होतं. तुमच्याकडे सव्वीस मिनिटं आहेत.

जुन्या माहितीपटांचंही तेच. आमच्या लहानपणी सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवायचे. सक्तीचाच असायचा तो, आणि लोक त्या वेळात शेंगदाणे घेऊन यायचे. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं पुरायचं, आणि फुटाफुटाचा हिशेब. तरीही त्याच संस्थेसाठी मणी कौल यांनी ध्रुपदावर माहितीपट केला आणि डागर बंधूंचा आलाप असा चालू दिला की आपण काही बघतोय हेच विसरून जावं. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये बालासरस्वतींवर ३३ मिनिटांचा माहितीपट केला, त्यातही समुद्रकाठी त्या नाचतात तेव्हा नाचाला जागा मिळते. या लोकांकडे तुमच्यापेक्षा फिल्म कमी होती आणि दिवे जास्त जड.

मला कुणी म्हणेल, काका, जुन्यांचं बरं होतं म्हणून रडताय. तसं नाही. जुन्यांचं बरं नव्हतं. निसार हुसेन खाँ उतारवयात शंकरराव पंडितांच्या घरी राहिले, त्याच घरात शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव लहानाचे मोठे झाले. एका मुसलमान उस्तादानं ब्राह्मणाच्या घरात बसून वर्षानुवर्षं जी तालीम दिली तिचं एकही चित्र जगात नाही. असतं तर मी ते बघायला मुंबईला पायी गेलो असतो. कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये इथे विद्यालय काढलं आणि १९८९ पर्यंत, ९६ वर्षांचं आयुष्य जगून, ते सगळं पुढे दिलं. कानातून कानात. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, राजाभैया पूंछवाले तिथे वर्षानुवर्षं शिकवत होते. घरातून पळून आलेला कर्नाटकातला एक मुलगा सरोदिये हाफिज अली खाँच्या मदतीनं काही काळ त्याच महाविद्यालयात शिकून गेला. तो पुढे भीमसेन जोशी झाला. त्या वर्गातला एक तास, एकच तास, कुणी चित्रित केला असता तर? तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता म्हणून नाही झालं. आमच्या गुरुजींच्या वेळी कॅमेरा होता, समोर होता, चालू होता.

म्हणून मागणं फार नाही. तुमच्या सव्वीस मिनिटांत एक तरी बंदिश, कुठलीही, छोटा ख्याल असला तरी चालेल, अंतऱ्यापर्यंत जाऊ द्या. तीन मिनिटांचा प्रश्न आहे. तेवढा किल्ला कमी दाखवा. आणि जे कापाल ते पुसू नका. एक प्रत त्या घरी ठेवून जा. घरात ठेवायला जागा नसेल तर इथे राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठ आहे, २००८ पासून आहे, त्यांच्या दाराशी नेऊन द्या. डिस्कचे पैसे नसतील तर चमू परत जाण्याआधी आम्हाला सांगा. लष्करातल्या मराठी माणसांनी गणपतीची वर्गणी दिलीय तशी हीही देऊ. करारात एक ओळ घालायला सांगा तुमच्या वकिलाला. गवयाला वाचता येत नाही असं समजू नका, त्याला फक्त विचारायचा संकोच होतो.

त्या संध्याकाळचं आता माझ्या फोनवर जे आहे तेवढंच आहे. मी पेटीच्या आड फोन ठेवून आवाज टिपत होतो, चोरूनच म्हणा. त्यात गुरुजींच्या त्या जागा आहेत, शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, आणि दारात आलेल्या पाहुण्याचं ते वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पोरीला राहिलेला अंतरा दिला, तोही टिपायला घेतला होता. अंतऱ्याची पहिली ओळ झाली आणि विमा विकणाऱ्या कुणाचा तरी फोन आला. रेकॉर्डिंग तिथे तुटलं. म्हणजे पाचव्यांदा अंतरा गेला, या वेळी माझ्याच हातून. बायको म्हणाली, आता तुम्हीही दिग्दर्शक झालात.

परिणाम काय झालाय तेही सांगतो. ती पोरगी आता कॉलेज संपवून गुरुजींच्याच खोलीत चार मुलांना शिकवते. मी पेटीवर असतो. हमीरच्या त्या अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत ती वरच्या षड्‌जावर धैवतावरून जाते, आणि गुरुजींचा दुसरा एक शिष्य, तो भोपाळला असतो, म्हणतो निषाद लावून जायचं. दोघांनाही गुरुजींनीच शिकवलं. दोन्ही बरोबर असतील, सम कुठे होती त्यावर असेल. पडताळून बघायला चित्रीकरण काही उरलेलं नाही. फोनवर दोघं तासतासभर भांडतात, आणि मी दोन्ही वाजवून बघतो.

या आठवड्यात ती मुलांना नेमका तोच अंतरा द्यायला घेणार आहे. तुमच्यापैकी कुणी या भागात असाल तर या. मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. दिवे नकोत, खिडकीतून पुरेसा उजेड येतो. पंखा चालूच राहील. सातला वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर सुरू होते, ती वीस मिनिटं चालते, तेवढ्यात चहा होतो. कोपर दिसलं नाही तरी चालेल.

आपला,
लष्करातला एक पेटीवाला